मुंबईतला शरद: घराजवळच्या एकाच वाटेवर सहा आठवडे चालायचं कसं, बघायचं काय

ऑक्टोबरातली संध्याकाळ. मी दादर स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडलेली असते, कुडता घामानं पाठीला चिकटलेला, हातात भाजीची पिशवी. हिंदू कॉलनीच्या वळणावर एकदम एक जड, गोडसर, डोक्यात चढणारा वास येतो. थांबून वर बघते, तर फांद्यांच्या टोकांना हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ. सातवीण फुलली. माझा शरद त्या दिवशी सुरू होतो.

मुंबईला दोनच ऋतू, उकाडा आणि पाऊस, असं आपण सगळेच म्हणतो. मीही म्हणायचे. रोज एकाच वाटेवरून चालायला लागले तेव्हापासून ते म्हणवत नाही. आपल्याकडे झाडं लालपिवळी होऊन शरद येत नाही, म्हणून तो आलेला कळत नाही इतकंच. इथे तो वासातून येतो, भिंतीवरच्या वाळत चाललेल्या शेवाळातून येतो, गच्चीवर शेपटी हलवत उतरलेल्या एका पाहुण्या पक्ष्यातून येतो. तो बघायला माथेरानला किंवा कासला जावं लागत नाही. त्यासाठी घराजवळचे तीनचारशे मीटर पुरतात, मात्र त्यांवरून पुन्हा पुन्हा जायला हवं. हे कसं जमवायचं, ते इथे क्रमानं सांगते.

आधी थोडं हवामान

मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी पाऊस परतण्याची हवामान खात्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्या सुमाराला ढग जातात, वारा मंदावतो, जमीन मात्र अजून ओलीच असते. स्वच्छ आकाशातून ऊन थेट पडतं, ओल वर येते आणि आपल्याला ऑक्टोबर हीटचा तो गुदमरवणारा दमटपणा जाणवतो. आपण घाम पुसत त्याला नावं ठेवतो, पण याच दिवसांत गवताला बी धरतं, चार महिने पोसलेले कीटक ऐन भरात असतात आणि उत्तरेकडून पक्षी यायला लागतात. पंचांगात हा आश्विन-कार्तिकाचा काळ. आकाशात सूर्य हस्त, चित्रा, स्वाती या नक्षत्रांतून जात असतो. हस्ताचा पाऊस जाता जाता एखादा दणका देतोच, त्यामुळे पहिला आठवडाभर छत्री सोडू नका.

मी घटस्थापना ते त्रिपुरी पौर्णिमा अशी मुदत धरते. सुमारे सहा आठवडे होतात. सणांना बांधलेली मुदत असली की ती मोडत नाही, हा माझा अनुभव आहे.

वाट निवडा, आणि ती लहान ठेवा

पहिल्या वर्षी मी दर रविवारी नवीन ठिकाणी गेले. रविवार छान गेले, पण नजर काही तयार झाली नाही. प्रत्येक ठिकाणी सगळंच नवं, मग बदललेलं काय हे कळणार कसं? शरद हा बदलाचा ऋतू आहे, आणि बदल कळायला आधीचं माहीत असावं लागतं. म्हणून एकच वाट घ्या. घरापासून पाच मिनिटांवर सुरू होणारी असावी, नाहीतर तिसऱ्या दिवशी कंटाळा जिंकतो.

वाट निवडताना चार गोष्टी बघा. एक तरी जुनं, मोठं झाड. एक जुनी, प्लास्टर उडालेली भिंत. थोडी तण माजलेली जागा, म्हणजे बंद पडलेल्या इमारतीचं आवार, रेल्वेचं कुंपण, मैदानाचा न कापलेला कोपरा. आणि आकाशाचा एक मोकळा तुकडा. माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्सच्या आसपास हे चारही मिळतं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरून फिरणाऱ्यांना मैदानाचं आकाश आणि कडेचे पर्जन्यवृक्ष आयतेच मिळतात. गिरगाव-खोताच्या वाडीकडे भिंती आणि अंगणं, मुलुंड-बोरिवलीकडे डोंगराची कड, विक्रोळी-भांडुपकडे खाडीची बाजू. चाळीच्या मागची बोळही चालते. अशाच एका बोळात मी मुंबईतला माझा पहिला ‘सही करणारा’ कोळी पाहिला. त्याच्याबद्दल पुढे.

महिन्यातून एकदोनदा मोठी फेरी जरूर करा. राष्ट्रीय उद्यान आहे (सोमवारी बंद असतं), भायखळ्याची राणीची बाग आहे (बुधवारी बंद), आणि माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. हे शेवटचं मला फार जवळचं वाटतं. मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून असलेली ही ३७ एकर जागा एके काळी कचऱ्याची क्षेपणभूमी होती. आज तिथे दाट झाडी आहे.

वेळ

ऑक्टोबरच्या मध्याला सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सव्वासहाच्या आसपास मावळतो. साडेसहा ते सात ही वेळ पडलेल्या फुलांची आणि कोळ्याच्या जाळ्यांची. सात ते साडेआठ पक्ष्यांची. फुलपाखरांसाठी लवकर जाऊन उपयोग नाही. त्यांचं अंग तापेपर्यंत, म्हणजे साडेआठ-नऊपर्यंत ती पंख पसरून उन्हात बसलेली असतात, आणि तेव्हाच ती नीट बघता येतात. अकरानंतर चालू नका, ऊन खरोखर बाधतं. संध्याकाळी पावणेसहा ते सात ही सुगंधाची, वटवाघळांची आणि झोपी जाणाऱ्या पानांची वेळ.

नोकरी करणाऱ्यांना दोन्ही वेळा जमणार नाहीत. आठवड्यात दोन सकाळी आणि स्टेशनवरून घरी येतानाच्या संध्याकाळी, एवढं पुरे.

बरोबर काय घ्यावं

खिशात मावणारी वही, पेन्सिल (पेनाची शाई घामानं पसरते), पाण्याची बाटली आणि दहा पट मोठं दाखवणारं छोटं भिंग. दुर्बीण असली तर उत्तम. नवी घ्यायची झाली तर ८ बाय ४२ अशी घ्या, ती हातात स्थिर राहते. नसेल तर अडत नाही, पहिली दोन वर्षं माझ्याकडे नव्हती. भिंग मात्र घ्याच. गवताचं फूल त्यातून पाहिलं, की गवत हे फुलझाड आहे हे आयुष्यभर विसरत नाही.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पूर्ण पायांचे. पावसानंतरचे हे दिवस डेंग्यूचे असतात आणि तो पसरवणारे डास दिवसाउजेडी चावतात. गवतातून जाऊन आलात तर घरी येताच पायांवर गोचीड आहे का बघा. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका.

पहिला दिवस: चालू नका, थांबा

चालायच्या लेखात हे विचित्र वाटेल, पण सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे. वाटेवरच्या मोठ्या झाडाजवळ जा आणि दहा मिनिटं एका जागी उभे राहा. फोन खिशात. पहिली तीन-चार मिनिटं काहीच होत नाही. आपण आल्यामुळे गप्प झालेले सगळे तोवर आपल्याला विसरतात आणि मग आपापल्या कामाला लागतात. खोडावरची खार खाली उतरते. ज्या फांदीवर काही नव्हतं तिथून तांबटाचं टुक टुक सुरू होतं. खोडावरून मुंग्यांची एक ओळ वर जाताना दिसते, आणि ती मघापासून तिथेच होती हे लक्षात येतं.

थांबल्यावर तीन उंचींवर बघायची सवय लावा. पायाशी काय पडलंय? छातीच्या उंचीवर, खोडावर, भिंतीवर काय आहे? डोक्यावर काय चाललंय? आपली नजर चालताना समोरच्या दहा फुटांत अडकलेली असते. ती मुद्दाम खाली-वर न्यावी लागते. नंतर डोळे मिटून एक मिनिट फक्त ऐका. या दिवसांत कोकीळ जवळजवळ गप्प असतो, वैशाखात पहाटे चारला उठवणारा तो हाच का असं वाटावं इतका. काय ऐकू येत नाही, हेही टिपण्यासारखं असतं.

मग पन्नास पावलं चालायचं, पुन्हा दोन मिनिटं थांबायचं. चारशे मीटरला चाळीस मिनिटं लागली तर तुमचा वेग बरोबर आहे.

झाडांपासून सुरुवात

झाडं पळून जात नाहीत, म्हणून शिकायला सोपी. या ऋतूत चार-पाच ओळखली तरी वाट बोलायला लागते.

सातवीण, म्हणजेच सप्तपर्णी. काडीच्या टोकाशी पानांचं एक चक्र असतं, बहुधा सात पानांचं, म्हणून हे नाव. प्रत्यक्षात मोजा. पाच मिळतील, सहा मिळतील, आठही मिळतील. एका झाडाखाली पडलेल्या दहा डहाळ्या मोजून वहीत लिहा, हा फार छान खेळ आहे. पान तोडलं तर पांढरा चीक येतो, तेव्हा पडलेलंच घ्या. हिच्या हलक्या लाकडाच्या शाळेतल्या पाट्या आणि लिहायचे फळे बनत. शास्त्रीय नावातला ‘स्कॉलॅरिस’ हा शब्द तिथूनच आला, आणि शांतिनिकेतनात पदवीदानाच्या वेळी सप्तपर्णीचं पान देण्याची परंपरा आहे. फूल भिंगातून बघा. एवढासा जीव, आणि सगळी गल्ली भरून टाकतो. वास दिवसा जवळजवळ नसतो, अंधार पडला की चढतो. काहींना तो सहन होत नाही. माझ्या जाऊबाईंचं डोकं दुखतं. त्यांनी दोन गल्ल्या लांबून जाऊन यावं, तिथून तो सुंदर लागतो.

बूच. उंच, सरळ, काळपट खोड, साल बुचासारखी मऊ. खऱ्या बुचाऐवजी ती वापरत, त्यावरून हे नाव. गगनजाईही म्हणतात. दिवाळीच्या आसपास सकाळी फुटपाथवर लांब देठाची पांढरी फुलं पसरलेली दिसली की मान वर करा. फूल उचलून देठाच्या नळीतून फुंकर मारायची आणि पिपाणी वाजवायची, हे आमच्या पिढीनं शाळेच्या मैदानात केलं. तुमच्या मुलांना ते येत नसेल तर शिकवा. ठिसूळ लाकडाचं झाड आहे, वारा असेल तर खाली रेंगाळू नका.

प्राजक्त तर सगळ्यांना ठाऊक. तरी मी सांगते, पुन्हा बघा. संध्याकाळी कळ्या उमलतात आणि पहाटे फुलं गळतात. म्हणून एकदा रात्री नऊला आणि मग सकाळी साडेसहाला, दोन्ही वेळा त्याच झाडाशी जा. पाकळ्या मोजा. माझ्या भाचीनं एका सकाळी ओंजळभर फुलं मोजली, पाचपासून आठपर्यंत सगळे आकडे निघाले. ‘मावशी, यांना ठरवता येत नाहीये का?’ असं तिनं विचारलं. केशरी देठ पांढऱ्या रुमालावर चुरडला की रंग उतरतो, पूर्वी त्यानं कापड रंगवत. पानावरून बोट फिरवा, काचपेपरसारखं लागेल. फुलांच्या मागे येणारी चपटी, नाण्याएवढी फळं याच दिवसांत हिरवी असतात.

आता आपटा, कारण इथे आपल्याकडून दरवर्षी चूक होते. दसऱ्याला बाजारात ‘सोनं’ म्हणून येणाऱ्या डहाळ्यांत पुष्कळदा कांचनाची पानं असतात. दोन्ही जुळ्या पानांची, भावंडंच. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद असतं. कांचनाचं मोठं, पातळ, तळहात भरेल एवढं. शिवाय आपटा उन्हाळ्याकडे फुलतो. दसऱ्याच्या दिवसांत जुळ्या पानांच्या झाडावर जांभळट गुलाबी फुलं दिसली तर तो देवकांचन, आपटा नाही. एकदा हे कळलं की ओरबाडलेल्या फांद्यांचे ढीग बघवत नाहीत. आमच्या घरी आता एकच पान देवापुढे ठेवतो आणि बाकी सोनं शब्दांनीच देतो. वाटेवर खरा आपटा सापडला तर त्याची जागा वहीत लिहून ठेवा.

पर्जन्यवृक्षाकडे, विलायती शिरीष म्हणतात त्याच्याकडे, संध्याकाळी जा. त्याची बारीक पानं मावळतीला जोडी-जोडीनं मिटतात. साडेपाचला झाडाकडे बघून घ्या, सव्वासहाला पुन्हा बघा. तेच झाड विरळ झालेलं असतं, मघाशी न दिसणारं आकाश दिसायला लागतं. ढगाळ दिवशी ते लवकर मिटतं. वेळा टिपून ठेवल्या तर आठवड्याभरात तुम्हाला हे स्वतःच्या आकड्यांतून दिसेल.

आणि राष्ट्रीय उद्यानातली कारवी. ती आठ वर्षांनी एकदाच फुलते. तिथला सामूहिक फुलोरा २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये झाला, तेव्हा आता २०३२. तोवर तिच्या वाळक्या काड्या आणि रुंद पानं ओळखून ठेवा. ज्यांना फुलं बघायची आहेत त्यांनी झाडाशी ओळख आधीच केलेली बरी.

भिंत, तण आणि कुंड्या

पावसाळ्यात जुनी भिंत हिरवीगार असते. शेवाळ, नेचे, पिंपळाचं एखादं रोप. पाखरानं फळ खाऊन टाकलेल्या बीतून ते फटीत रुजलेलं असतं. ऑक्टोबरात ही हिरवळ वरून खाली वाळत येते. एकाच भिंतीचा एकाच जागेवरून दर रविवारी फोटो काढा. सहा फोटो ओळीनं लावले की शरद तुमच्यासमोर असतो. त्याच भिंतीला चिकटून बसलेल्या मोठ्या तपकिरी गोगलगाई दिसतील. त्या मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या. कोरडे दिवस आले की शंखाच्या तोंडाशी पातळ पापुद्रा बांधून त्या आत झोपून राहतात. उपटून बघू नका. हात लागलाच तर साबणानं धुवा.

तणाच्या जागेत कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, टाकळ्याच्या लांब शेंगा, आघाडा असतो. घरी आल्यावर पायजम्याला चिकटलेल्या बिया झटकून टाकण्याआधी भिंगातून बघा. आकडे कसे आहेत, कुठल्या बाजूनं चिकटतात. तेरडा मिळाला तर त्याची फुगीर पक्व शेंग हलकेच दाबा, ती फुटते आणि बिया उडतात. मोठ्या माणसांनाही हे दोनदा करावंसं वाटतं.

कोळ्यांसाठी शरदासारखा ऋतू नाही. सकाळी सूर्याकडे तोंड करून, किंचित वाकून बघा. दंव पडायला लागलं की, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरीपासून, जाळी स्वतःहून दिसतात. झुडपांत, कमरेच्या उंचीवर, जाळ्याच्या मध्यभागी पांढऱ्या नागमोडी रेघांची फुली असेल आणि त्यावर आठ पाय चार जोड्यांत जुळवून बसलेला कोळी असेल, तर तो सिग्नेचर स्पायडर. ती मादी असते. ती पांढरी नक्षी कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. कुणी म्हणतं भक्ष्याला भुलवायला, कुणी म्हणतं पक्ष्यांना जाळं दिसावं आणि ते मोडू नये म्हणून. तुम्ही रोज जाणार आहात, तेव्हा तिच्या जाळ्यात काय अडकतं ते लिहून ठेवा. राष्ट्रीय उद्यानात किंवा येऊरच्या वाटांवर वर बघत चाला. दोन झाडांमध्ये ताणलेलं, उन्हात सोनेरी चमकणारं जाळं आणि मध्ये तळहाताएवढी काळी-पिवळी मादी, ती जायंट वूड स्पायडर. जाळ्याच्या कडेला एखादा बारीकसा तांबूस ठिपका बसलेला असेल. तो तिचा नर.

ज्यांना बाहेर पडणं जमत नाही, आजारपण आहे, वय झालंय, त्यांनी कुंडीतल्या कढीपत्त्याकडे किंवा लिंबाकडे बघावं. पानावर पक्ष्याची शीट पडलीय असं वाटलं तर जवळून बघा. ते बहुतेक कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराचं लहान सुरवंट असतं. शीटेसारखं दिसल्यानं त्याला कुणी खात नाही. मोठं झालं की कात टाकून ते एकदम हिरवं होतं. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढतं आणि उग्र वास सोडतं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे आपल्या सहा आठवड्यांत एक पूर्ण फेरी बसते. मी एकदा मुलांना दाखवायला सुरवंट बरणीत ठेवलं आणि दोन दिवस गडबडीत पानं बदलायची राहिली. ते मेलं. तेव्हापासून झाडावरच बघते. चार पानं जातील, फोडणीत कमी घाला.

महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉरमॉन, याच दिवसांत शहरातल्या बागांतही येते. तळहाताएवढी काळी, मागच्या पंखांवर निळं. ती थांबत नाही, म्हणून तिच्यामागे धावू नका. फुललेल्या झुडपाजवळ उभे राहा, ती फेरी मारून परत येते.

वर बघा

ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुपारी तीन-चारनंतर, मोकळ्या मैदानावर डोक्याच्या वर दहा-पंधरा फुटांवर पिवळसर चतुर शेकड्यांनी घिरट्या घालताना दिसतात. मुलं त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. यांतले बहुतेक वाँडरिंग ग्लायडर, पँटाला जातीचे. यांचा प्रवास मला अजूनही नीट पचलेला नाही. पाऊस परतल्यावर हे कीटक भारतातून समुद्रावरून मालदीव ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात, असं २००९ मध्ये चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं आपल्या नोंदींवरून मांडलं. मालदीवमध्ये ते ऑक्टोबरात थव्यांनी उतरतात, आणि तिथे तर गोडं पाणी फारसं नाहीच. जाऊन परत येण्याचं चक्र एकटा चतुर पुरं करत नाही, ते पिढ्या मिळून करतात. शिवाजी पार्कवर क्रिकेटच्या खेळपट्टीवर घिरट्या घालणारा चार-पाच सेंटिमीटरचा जीव, आणि पुढे अरबी समुद्र. पाच मिनिटं मान वर करून एवढंच आठवा.

पक्ष्यांत माझा पहिला निरोप्या धोबी, म्हणजे परीट. सप्टेंबरातच करडा धोबी येतो. पाठ राखाडी, पोट पिवळं, शेपूट सतत वरखाली. हिमालयातून आणि त्याही पलीकडून तो येतो आणि कुणाच्या तरी सोसायटीच्या टाकीशेजारी, गटाराच्या कडेला, बागेच्या ओल्या हिरवळीवर मुक्काम करतो. पाऊसभर फारसे न दिसलेले वेडे राघू पुन्हा तारांवर बसायला लागतात. एक झेप, हवेत माशी पकडायची, परत त्याच तारेवर. हळद्या दाट पानांतून पिवळा चमकून जातो, आणि थंडी पडेतो आवाजावरूनच जास्त कळतो.

समुद्राच्या बाजूला नोव्हेंबरात कुरव, म्हणजे सीगल, येतात. त्यांना गाठी-फरसाण टाकू नका, ते त्यांचं अन्न नाही. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, ठाणे खाडीत नोव्हेंबरपासून यायला लागतात. खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर पाणथळ ठरली. पण मोठे थवे बघायला जानेवारी उजाडू द्या. शरदात घाई करून निराश होणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत.

आवाजावरून नाव सुचवणारं मर्लिन आणि फोटोवरून सुचवणारं आयनॅचरलिस्ट, दोन्ही ॲप उपयोगी आहेत. माझा नियम एकच, आधी डोळ्यांनी पुरतं बघायचं, चार शब्द लिहायचे, मग फोन काढायचा. फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका, तो बिचारा हद्द राखायला धावत येतो आणि दमतो. माणसांबरोबर शिकायचं असेल तर १८८३ पासून मुंबईत असलेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. गोरेगावला फिल्म सिटीशेजारी तिचं शिक्षण केंद्र आहे. सलीम अलींचं सगळं पक्षीजीवन याच संस्थेच्या दारातून सुरू झालं.

किनाऱ्यावर जायचं तर तिथी बघा

ओहोटीच्या किनाऱ्यासाठी वेळ जमवावी लागते. ती कशी काढायची हे मला वरळीच्या एका कोळी मावशींनी शिकवलं. ‘पंचांग बघतेस ना पोरी? मग भरती पण बघता येते.’ तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीची पाऊणपट सहा, म्हणून अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेची पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरायचा, आणि भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी.

शिवाय अष्टमीच्या आसपास पाणी फारसं वर येत नाही आणि फारसं मागेही जात नाही, त्याला भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तेव्हा पाणी खूप मागे हटतं. म्हणून सकाळच्या उजेडात जायला सगळ्यात चांगले दिवस म्हणजे कोजागरी किंवा लक्ष्मीपूजनानंतरची द्वितीया-तृतीया. ओहोटी साडेसात ते साडेआठच्या दरम्यान येते. निघण्याआधी छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रकाशी ताडून बघा, आणि ओहोटीच्या तासभर आधी पोहोचा. पाणी वळलं की तुम्हीही वळा.

जुहू-गिरगावच्या ओल्या वाळूत बारीक गोळ्यांची रांगोळी दिसेल, एका बिळापासून चहूकडे गेलेली. नखाएवढा खेकडा वाळू तोंडातून चाळून अन्न घेतो आणि उरलेली गोळी करून बाजूला टाकतो. बिळापासून चार फुटांवर उकिडवे बसा, न हलता. दोन मिनिटांत तो वर येतो. कार्टर रोड, हाजी अलीच्या खडकांवर कालवं, शंखात राहणारे खेकडे, डबक्यांत फुलासारखे समुद्री जीव असतात. रबरी तळाचे बूट घाला, शेवाळावर घसरतं आणि कालवांच्या कडा कापतात. उलटवलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. शंख उचलण्याआधी आत कुणी आहे का बघा.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, तिथी, ऊन-ढग. मग फक्त तीन नोंदी. एक नवी दिसलेली गोष्ट, एक बदललेली, आणि एक प्रश्न. तीनच, कारण दहा लिहायच्या ठरवल्या की चौथ्या दिवशी वही बंद होते. चित्र काढता येत नसेल तरी काढा. पान काढायला बसलं की त्याच्या कडा पहिल्यांदा नीट दिसतात. नाव माहीत नसेल तर स्वतः ठेवा. माझ्या वहीत ‘टाकीवरचा राखाडी’ असा एकजण दोन वर्षं होता, नंतर तो थिरथिरा पक्षी निघाला.

सांभाळायच्या गोष्टी

आरे आणि राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला बिबटे राहतात. तिथे उजाडल्यावरच जा, एकटे नको, लहान मुलं हाताशी, कानात हेडफोन नको. दाट गवतात पाय टाकू नका. दिवाळीनंतर हवा बिघडते, त्या सकाळी हवेचा निर्देशांक बघा. तो वाईट असेल तर ती फेरी खिडकीतून करा. दम्याच्या माणसांनी यात हयगय करू नये. घरटं किंवा घुबडाची ढोली सापडली तर तिचा पत्ता सगळ्यांना पाठवत बसू नका, गर्दीनं पक्षी जागा सोडतात. मुलांना नेताना वीस मिनिटांचीच फेरी ठेवा आणि एकच काम द्या. आज फक्त बिया, उद्या फक्त भोकं पडलेली पानं.

शेवटची फेरी मी त्रिपुरी पौर्णिमेला करते, दिवे लागल्यावर. तोवर सातविणीचा वास ओसरलेला असतो आणि बुचाचा सुरू झालेला असतो. त्या दिवशी चंद्र कृत्तिकांच्या, म्हणजे त्या छोट्या तारकापुंजाच्या, आसपास असतो, कार्तिक हे नाव त्यावरूनच पडलं. एका वर्षी भाचीला घेऊन गच्चीवर गेले होते. चंद्राच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना काही दिसेना, म्हणून दुर्बीण दिली. तिनं बराच वेळ ती डोळ्यांवरून काढली नाही. मग म्हणाली, ‘सहा आहेत. थांब, सातवी पण आहे बहुतेक.’ वहीत त्या तारखेपुढे तिच्या अक्षरात तेवढंच लिहिलेलं आहे.